चेहऱ्याले ठोका बांधायचा नसतो

बसा. मागच्यायनं जरा पुढं सरका. बाहेर बाया-माणसं उन्हात उभी आहेत, त्यायले आत येऊ द्या. पंखा चालत नाही, पण सावली तं आहे.

माय-माउल्यांनो, भाऊ हो, अन् आपल्या धंद्यातले डीजेवाले, लाइटवाले, मांडववाले दोस्त हो. मी दिलीप. मंगेशचा पार्टनर. अकरा वर्षं एका गाडीवर होतो आमी. आवाज माहा, चित्र त्याचं. मले भाषण येत नाही. वीस वर्षं झाली माइक हातात आहे, पण 'हॅलो, चेक' याच्या पुढं मी कधी गेलो नाही. आज जावं लागते.

दारावर बोर्ड लावला आहे, 'दुःखद निधन'. तो आधी काढा कोणी. निधन म्हाताऱ्या माणसाचं होते, खाटेवर होते. मंगेशचं निधन नाही झालं. मंगेशले मारलं. लोखंडी पाइपानं मारलं. बुटाच्या लाथायनं मारलं. तोंडावर जनरेटरचं हँडल मारलं. चौतीस वर्षांचा माणूस, भर वरातीत, दिवस मावळता मावळता, गावासमोर. ज्याले ऐकवत नाही त्यानं बाहेर जाऊन उभं राहावं, मी राग नाही मानणार. मी आज गोड बोलाले उभा नाही.

अर्चनावहिनी, तुमी नका उठू. तुमाले ऐकाच लागन. तुमच्यासाठीच बोलून राहिलो.

बाहेर रोडवर तीन गाड्या लागल्या आहेत. इथल्या बऱ्याच लोकायले वाटत असन, साउंडच्या गाड्या आहेत. आज त्याच्यात साउंड नाही. एलईडीच्या सांगाड्याचे पाइप आहेत, अन् दोन कॅन आहेत, अन् कॅनमध्ये पाणी नाही. सकाळी तेरवीचं जेवण उरकलं तसे आपले पोट्टे माह्या कानात सांगून गेले, 'दिलीपभाऊ, तुमचं बोलणं झालं का दर्यापूरकडं निघू. ज्या घरातून वरात निघाली, ते घर आज ठेवत नाही.' मी मान हलवली. खोटं कायले बोलू, हलवली मी मान. मंग त्यायनं हा कागद दिला. याच्यावर लिहून दिलं आहे मी शेवटी काय ओरडाचं ते. हा कागद मी खिशात ठेवतो. आता ओरडू नका. आधी ऐका.

माह्याआधी तिघं बोलले. तिघंही म्हणे, मंगेश देवमाणूस होता. कायचा देवमाणूस! चहात चार चमचे साखर टाके. दहाची वेळ दिली तं साडेअकराले उगवे, अन् वरून मलेच म्हणे, 'तू लवकर काहून आला?' राजापेठमध्ये कोणाच्या दुकानाच्या बोर्डावर रंग बिघडला दिसला तं गाडी थांबवून दुकानदाराले सांगे, अन् शिव्या खाऊन येई. बह्याड होता, येडा. आपल्यासारखाच माणूस होता. देवाले मारलं असतं तं मले एवढं झोंबलं नसतं.

त्याचं काम काय होतं, हे इथल्या अर्ध्या लोकायले अजून माहीत नाही. समोर बाबारावकाका बसले आहेत, मंगेशचे वडील. मूर्तिजापूरचे. शकुंतला रेल्वेच्या लायनीवर गँगमन होते, रूळ ठोकण्यात आयुष्य गेलं. ते मले विचारे, 'दिल्या, पोट्टं नेमकं करते काय बे? टीव्ही लावते का?' मी म्हणो, 'हो काका, लय मोठा टीव्ही लावते.' काका, टीव्ही नव्हता तो. आज सांगतो नीट.

गाणं वाजते. त्याच्यात खालचा जाड आवाज असते, बेस, जो छातीत बसते. वरचा बारीक आवाज असते, झांजेचा, टाळीचा. मंगेशच्या लॅपटॉपमध्ये एक सॉफ्टवेअर होतं, ते गाणं ऐके. मंगेश ठरवे, जाड आवाज आला का चित्रातलं काय हललं पाहिजे, बारीक आला का काय चमकलं पाहिजे. याले आमी 'बांधणं' म्हणतो. फूल ठोक्याले बांधलं, उजेड टाळीले बांधला. एकदा बांधलं का मंग हात लावाचं काम नाही. गाणं चाललं का चित्र चालते. गाणं थांबलं का चित्र थांबते. एवढं एक ध्यानात ठेवा माय-बाप, कारण मी ते ऐन वेळी विसरलो.

बाकीच्यायच्या भिंतीवर, म्हणजे गाडीवरच्या एलईडीच्या पडद्यावर, काय असे? कुठून तरी उतरवलेले आगीचे घोडे अन् कवट्या. मंगेशनं काय केलं, तं मावसभावाच्या वावरात दहा दिवस पऱ्हाटीत बसला मोबाइल घेऊन, बोंड फुटाची वाट पाहत. मावसभाऊ घरी येऊन म्हणे, 'याले बाहेरचं काही लागलं काय? पाहून घ्या.' मंग अकोल्याच्या एका वरातीत ते चित्र पहिल्यांदा लावलं. ठोका पडे अन् बोंड फुटे. ठोका पडे अन् बोंड फुटे. अख्खी भिंत पांढरीशिप्पट. म्हातारे नाचले त्या दिवशी, पोट्टे बाजूले राहिले. एक बुढा भिंतीपाशी गेला अन् वेचणी केल्यासारखा हात फिरवून आला. मंगेश मागं लॅपटॉपपाशी बसून रडून राहिला होता, अन् मी त्याले म्हटलं, 'रडतं काय बे, पुढचं गाणं लाव.'

पण फोटो आला का तो वेगळाच माणूस होई. आपल्याकडं आता रीतच पडली. वरातीत गेलेला माणूस पाहिजे. बाप गेला असन तं बापाचा फोटो भिंतीवर, आजी गेली असन तं आजीचा. 'बाबा वरातीत आले पाहिजे' म्हणते लोक. चूक नाही त्याच्यात. पण मंगेशचा नेम होता, चेहऱ्याले ठोका बांधायचा नाही. महापुरुषाचा फोटो असो का घरच्या माणसाचा असो, मागचा उजेड हलन, फुलं हलतील, चेहरा थीर. अन् घरचा माणूस असन तं हा त्या घरी जाई, चहा पिई, अन् विचारे, 'कसे गेले?'

लोकायले राग ये. लग्नाच्या घरात कोणी हे विचारते काय? मीबी त्याची मजाक करो. म्हणो, 'वरात काढाले आला का पंचनामा कराले?' तं एकदा मूर्तिजापूरले नवरीच्या आईचा फोटो होता. घरचे म्हणे, 'भोवती ज्वाला पाहिजे, देवीच्या असते तशा.' यानं विचारलं, 'कशा गेल्या?' मंग मावशी हळूच म्हणे, 'स्टोव्ह भडकला होता.' मंगेशनं ज्वाला काढल्या. नुसत्या ज्वाला नाही, पूर्ण कार्यक्रमातून लाल काढला, नारंगी काढला, पिवळा काढला. ती वरात निळ्या-हिरव्यातच गेली. वापस येताना मी म्हटलं, 'एवढं कोण पाहते रे?' तं म्हणे, 'दिलीप, आपण त्या माणसाले हलवून राहिलो. हलवाच्या आधी विचारा लागते.'

आता पुढचं ऐका.

दर्यापूरकडच्या त्या लग्नाची सुपारी आली तवा मंगेश अकोल्यात होता. काकायच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, मोतीबिंदूचं. काका, तुमाले डॉक्टरनं रडू नका म्हणून सांगतलं आहे, मले माहीत आहे. रुमाल डोळ्याले लावू नका, नुसता गालाले लावा.

फोन माह्याकडं आला. नवरदेवाचा लहान भाऊ होता. नाव मी घेत नाही, ते पोलिसाच्या कागदावर आहे. म्हणे, 'भाऊ, आमचे बाबा मागच्या साली गेले. दादाच्या वरातीत बाबा पाहिजे. फोटो पाठवला आहे. जोरदार करा.' मी त्याले काय विचारलं? विचारलं, 'गाणं कोणतं?' विचारलं, 'गाडी शिरन एवढा रोड आहे ना?' कसे गेले, ते नाही विचारलं. वाटलं, मंगेश येईन तं तो पाहीन. मंग वाटलं, तो कवा येईन, कवा बसन. मले येते थोडंफार. अकरा वर्षं पाहूनच राहिलो.

आमच्याकडं एक तयार चित्र होतं, नवरदेवाच्या नावाचं. नाव काचेचं. गाणं चढत जाते, चढत जाते, अन् मोठा ठोका पडला का नावाचे तुकडे उडते, अन् मंग ते तुकडे वापस येऊन नाव जुळते. पब्लिकले लय आवडे. मी त्याच्यातून नाव काढलं. नावाच्या जागी फोटो टाकला. पाच मिनिटं लागले. चहा थंड नाही झाला माहा.

मीनं केलं. ऐकू आलं काय मागं? ते चित्र मंगेशनं नाही केलं. मीनं केलं.

थांबा. ओरडू नका. बसा खाली. मले माराचं असन तं माराले टाइम आहे. हे पूर्ण होऊ द्या.

लग्नाच्या दिवशी मंगेश अकोल्याहून परभारा आला, मूर्तिजापूरवरून, शेअरिंगच्या जीपमध्ये कोंबून. पोचला तवा गाडी लागली होती, भिंत उभी होती, मांडवातून माणसं निघून राहिली होती. घामाघूम. आल्या आल्या म्हणे, 'फोटो आहे काय कोणाचा?' मी म्हटलं, 'वडिलाचा आहे. मीनं लावला. तू फक्त चालू कर.' तं म्हणे, 'विचारलं काय?'

मी म्हटलं, 'हो.'

त्यानं माह्याकडं पाहिलं. अकरा वर्षात मीनं त्याले पहिल्यांदा खोटं सांगतलं, अन् त्यानं ते मानलं. मानलं अन् भिंतीच्या मागं लॅपटॉपपाशी जाऊन बसला. मागून भिंत दिसत नाही. मागून नुसत्या तारा दिसतात.

ते बाबा कसे गेले होते, ते मले नंतर समजलं. तुमालेबी समजलं पाहिजे, कारण तुमी ज्या घराले जाळाले निघाले ते घर हे आहे. ट्रॅक्टर पलटला होता. मोठं चाक डोक्यावरून गेलं. हाच लहान भाऊ तिथं होता. चादर आणाले कोणी नव्हतं, तं यानं आपल्या शर्टात बापाचं डोकं गोळा केलं होतं. आता कळलं काय, मीनं त्याच्यासमोर भिंतीवर काय लावलं?

गाणं चढलं. वरात नाचून राहिली होती. तोच लहान भाऊ सगळ्यात पुढं, दोन्ही हात वर. भिंतीवर बाबा आले, पंधरा फूट उंच, फेट्यातले, हसणारे. लोकायनं शिट्या मारल्या. ओट्यावर नवरदेवाची माय उभी होती, तिनं पदर तोंडाले लावला, हात जोडले. अन् मंग मोठा ठोका पडला अन् बाबाचं डोकं फुटलं.

कपाळ तडकलं, डोळा एकीकडं गेला, जबडा एकीकडं गेला. तुकडे उडाले. अन् वापस आले, जुळले, बाबा पुन्हा हसले. पुन्हा ठोका. पुन्हा फुटलं. पुन्हा जुळलं. पुन्हा फुटलं. त्या मायची किंकाळी मले माह्या बेसच्या वरून ऐकू आली. वीस वर्षात कोणाचा आवाज माह्या बेसच्या वर नव्हता आला.

मंगेशले भिंत दिसत नव्हती, पण पब्लिकचा आवाज बदललेला त्याले कळला. तो पळत समोर आला, भिंतीकडं पाहिलं, अन् माह्याकडं वळून ओरडला, 'दिलीप, आवाज काप!'

माह्यं बोट फेडरवर होतं. फेडर म्हणजे आवाजाची पट्टी, खाली सरकवली का आवाज बंद. ते चित्र आवाजाले बांधलेलं होतं. मी बोट एक इंच खाली घेतलं असतं तं गाणं पडलं असतं, अन् गाणं पडलं असतं तं चित्र जिथल्या तिथं थांबलं असतं. मले वाटलं, चित्र बिघडलं, मी आवाज काहून कापू? चित्राचं चित्रवाल्यानं पाहावं. एवढंच आलं डोक्यात. तो पुन्हा ओरडला, 'आवाज काप रे!' मी बोट नाही हलवलं.

मंग तो स्वतः गेला. भिंतीची मोठी केबल दोन्ही हातानं धरली अन् उपटली. ठिणग्या उडाल्या. भिंत काळी पडली. अन् सगळ्या वरातीले काय दिसलं? एक माणूस, हातात केबल, काळ्या भिंतीसमोर उभा.

लहान भाऊ गाडीवर चढला. त्यानं मंगेशची कॉलर धरली. म्हणे, 'कोणं केलं हे? कोणं केलं रे माह्या बापाचं असं?' मंगेशनं माह्याकडं पाहिलं. मी सात-आठ हातावर होतो. त्याले नुसतं बोट दाखवाचं होतं. तेवढ्यात सगळं सरळ झालं असतं. आज तो इथं उभा असता अन् फोटो माहा असता. त्यानं बोट नाही दाखवलं. तो म्हणे, 'गाडी माही आहे. चूक माही आहे. माफ करा भाऊ.'

भाऊ शब्द पुरा झाला नाही, तं तोंडावर पहिली बुक्की बसली.

खाली ओढलं त्याले. पाच-सहा जण होते, मंग दहा झाले. सांगाड्याचा पाइप कोणीतरी ओढून काढला. पाठीवर, मांड्यावर, बरगड्यावर. तो दोन्ही हातानं डोकं झाकून गुडघ्यावर बसला. त्यायनं हात तुडवले. हात गेले तं डोकं उघडं पडलं.

अन् आता जे सांगतो ते मले बारा दिवस झाले गिळता येऊन नाही राहिलं. भिंत बंद झाली होती, आवाज चालूच होता. बेस पूर्ण. ते माणसं त्या ठोक्यावर मारून राहिले होते. त्यायच्या ध्यानातबी नसन. पाइप वर जाई अन् ठोक्याबरोबर खाली ये. लाथ ठोक्याबरोबर. ठोका, लाथ. ठोका, पाइप. माणसाच्या अंगाले ताल लागते, तो आपोआप बांधला जाते, हे मंगेशनंच मले शिकवलं होतं. मी आवाज पाडला असता तं एखाद्याचा हात तरी अडखळला असता. एखाद्याले त्याचं कण्हणं ऐकू गेलं असतं. गाण्याखाली काही ऐकू नाही गेलं. माहा साउंड चांगला होता भाऊ. एक नंबर होता.

मी काय केलं? मी जनरेटरच्या मागं गेलो, तिथून नालीत उतरलो, नालीतून वावरात, अन् पळालो. आवाज चालू ठेवून पळालो. दीड एकर पळाल्यावरबी तो ठोका येऊन राहिला होता. मंग डिझेल संपलं असन का कोणी बंद केलं असन. तवा मंगेश गेला होता.

पोलिसाले मी सांगतलं, 'साहेब, मी चहा प्याले गेलतो.' लिहून घेतलं त्यायनं. सही केली मी.

मोबाइलवर तो व्हिडिओ फिरला, तुमी सगळ्यायनं पाहिला. खाली लोकायनं लिहिलं, दारू पेऊन होता. लिहिलं, मुद्दाम केलं, मेलेल्या माणसाची टिंगल केली. त्या लोकायचा वकील तेच बोलून राहिला, का त्यानं आमाले डिवचलं. अन् मी वाचो अन् मोबाइल उलटा ठेवो. पाचव्या दिवशी वहिनी माह्या घरी आल्या. दारातच उभ्या राहिल्या, आत नाही आल्या. म्हणे, 'भाऊजी, तुमी सोबत होते. यायनं खरंच मुद्दाम केलं काय? पोरीले शाळेत पोरं म्हणते, तुह्या बापानं मेलेल्या माणसाचं डोकं फोडलं. मी तिले काय सांगू?'

अन् मी म्हटलं, 'मले माहीत नाही वहिनी.'

ज्यायनं पाइप मारले त्यायनं एका माणसाले एकदा मारलं. मी त्याले त्या दारात दुसऱ्यांदा मारलं. अन् दारू न पेता, राग न येता मारलं.

वहिनी, आता माहीत आहे. सगळ्यायसमोर सांगतो, म्हणजे उद्या मले पलटता येणार नाही. पोरीले सांगा, तुह्या बापानं कोणाचं डोकं नाही फोडलं. ज्याचं फुटून राहिलं होतं ते थांबवाले तो एकटा धावला. दोनशे माणसात एकटा. फेडरवर बोट असून दिलीपकाका नाही धावला. हे नावानिशी सांगा तिले. दिलीपकाका म्हणूनच सांगा.

काका, तुमी माह्याकडं पाहू नका तसं. तुमच्या एकाच डोळ्यानं दिसून राहिलं, तेवढ्यानंही मले सोसत नाही.

आता पोट्टे हो, तुमच्याशी बोलतो. नवरदेवाच्या त्या लहान भावानं मंगेशले मारलं. त्याले शिक्षा झालीच पाहिजे, अन् मी कोर्टात उभा राहून सांगीन कोणाच्या हातात पाइप होता अन् कोणाच्या हातात हँडल. एकाले सोडणार नाही. मी त्याले माफ कराले नाही सांगून राहिलो. मलेच जमत नाही. रोज सकाळी उठतो अन् वाटते त्याचा गळा धरावा. पण त्यानं जे भिंतीवर पाहिलं ते खोटं नव्हतं. ते मीनं दाखवलं. त्या घरात आता एक म्हातारी अन् एक नवी नवरी आहे, हळद नाही उतरली तिची. पोरं जेलात गेल्यापासून दोघी दाराले आतून कडी लावून बसल्या आहेत, असं समजलं. तुमी कॅन घेऊन जाल, तं जाळाल कोणाले?

राग माह्यावर काढा. लाज नाही वाटणार मले. इथं मारा, रोडवर मारा. पण दर्यापूरकडं एकही गाडी जाणार नाही. ते कॅन आत्ता, या हॉलच्या मागच्या नालीत, माह्यासमोर ओता. अन् एक गाडी रिकामी करा, पाइप खाली काढा. त्या गाडीत बसून मी ठाण्यात जाणार आहो. चहाची सही खोडाची आहे मले. चित्र कोणं केलं, खोटं कोणं सांगतलं, आवाज कोणं चालू ठेवला, सगळं लिहून देणार आहो. तुमच्यातले दोघं सोबत या. माह्यावर आता इतका भरोसा ठेवू नका का मी एकटा तिथपर्यंत पोचीन.

जाता जाता ज्यायच्याकडं लॅपटॉप आहे त्यायले एवढंच सांगतो. फोटो आला तं विचारा. शिव्या खा, पण विचारा.

वहिनी, मान वर करा. या हॉलमध्ये आज मान खाली घालाचं काम एकाच माणसाचं आहे.

चला, उभे राहा सगळे. काका, तुमी बसूनच राहा. दोन मिनिटं कोणी बोलू नका, मोबाइल बंद करा. शेवटी हात जोडतात, मले माहीत आहे. मंगेश, तुले हात जोडाचा अधिकार माह्या हाताले राहिला नाही. बाकीच्यायनं जोडा.